मागचा वारा

१९ मे

आडवेळला पोचले एकदाची! श्रीवर्धनपर्यंत एसटी, तिथून पुढं रिक्षा. रिक्षात माझ्या दोन बॅगा, गादीची वळकटी आणि आईनं बळेच दिलेली सुक्या जवळ्याची बरणी. ती बघून रिक्षावाला हसायला लागला. म्हणाला, समुद्राकाठी जवळा घेऊन जाणाऱ्या तुम्हीच पहिल्या, मॅडम.

घाटाच्या शेवटच्या वळणावरून वाडी दिसली आणि मी त्याला गाडी थांबवायला लावली. मी उरणची, मिठागरवाल्याची मुलगी, समुद्र मला काही नवा नाही. पण आमचा समुद्र चिखलाच्या रंगाचा, जहाजांनी भरलेला. हा निळा होता. पाठीशी आणि दोन्ही बाजूंना डोंगर, उतारावर सुपारीच्या बागा, त्यांच्या खाली घरं, आणि दक्षिणेला तोंड असलेलं लहानसं बंदर. वाडीत यायला घाटाचा हा एकच रस्ता, नाहीतर होडी.

माझी ही पहिलीच नेमणूक. उपकेंद्रात नर्स मी एकटी. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, बाकी सगळं माझ्या अंगावर. धाकधूक आहे, पण त्याहून जास्त गंमत वाटते आहे.

खोली बिल्किसखालाकडे मिळाली. त्यांचे यजमान नुरुद्दीन कुवेतला असतात. खाली खाला, वर मी, आणि माझ्या डोक्यावर मोठी गच्ची. वाडीतलं स्लॅबचं घर हे एकच. बाकीची कौलांची किंवा पत्र्यांची. खालांनी पहिल्याच तासात माझं लग्न, पगार, आईचे गुडघे, सगळं विचारून घेतलं आणि गरम सांदणं पुढ्यात ठेवली. मी पाच खाल्ली. त्या म्हणाल्या, "खा गो पोरी, वारा जोरात असतो इथं. हलकी माणसं उडतात." आणि स्वतःच खो खो हसल्या.

२५ मे

आठवड्यात निम्मी वाडी ओळखीची झाली. सकाळी उपकेंद्र, दुपारी घरोघरी फेरी. माणसं बोलकी. प्रत्येक घरात काहीतरी हातात ठेवतात: कोकमं, आंबे, सुके बोंबील. आईची बरणी अजून उघडलीच नाही.

आज चांगदेवभाऊंच्या घरी गेले होते. ते पूर्वी ट्रक चालवायचे. आता वाडीतली सगळ्यांत मोठी होडी त्यांची आहे. शिवाय कुणाचं भांडण असो की लग्न, शब्द त्यांचाच चालतो. त्यांची बायको सत्यवती हिला रक्तदाबाची गोळी नियमित घ्यायला सांगितलं तर ती हसून म्हणाली, यांच्याशी संसार करायचा तर गोळ्या कमीच पडतील. निघताना भाऊंनी दोन पापलेटं दिली. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, तू आमच्या गावची पाहुणी न्हाय, आमच्या घरची हायस.

संध्याकाळी गच्चीवर बसते. खाऱ्या वाऱ्यानं केसांच्या जटा होतात. घरी बाबा तोंडावर वारा आला की उभे राहून एकदा दीर्घ श्वास घेतात. मीठ वाऱ्यावर पिकतं, उन्हावर नाही, असं त्यांचं मत. इथला वारा त्यांना आवडला असता.

३० मे

वादळ येतंय. कालपासून सगळ्यांच्या फोनवर सूचना आहेत, रेडिओवरही तेच. एकाही माणसाच्या चेहऱ्यावर भीती नाही, नुसती लगबग. होड्या पार सुपारीच्या बागेपर्यंत ओढून आणल्या. मीही दोराला हात लावला, तर सगळे माझ्या नाजूक हातांवरून हसले. पत्र्यांवर दगड, कौलांवर जाळी. उपकेंद्रातली औषधं मी प्लास्टिकच्या डब्यांत भरून खालांच्या घरी आणली.

फोनवरच्या सूचनेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली आहे: मध्येच वारा एकदम थांबेल, ऊन पडेल, तो वादळाचा डोळा. फसून बाहेर पडू नका, थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं, आणखी जोरानं येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी घरोघरी जाऊन हे समजावलं. दयाराम म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांनी विचारलं, म्हंजे वारा जातो नि मागं वळून येतो? मी म्हटलं, हो बाबा, तसंच काहीतरी.

२ जून

लिहिलंच पाहिजे.

काल सकाळी दहाच्या सुमारास आला. समुद्राकडून. आधी नुसती शिट्टी, मग एखादा ट्रक घाटात पहिल्या गिअरवर चढावा तसा आवाज, आणि तो थांबेचना. खाला आणि मी खालच्या माजघरात पलंगाखाली बसलो होतो. खिडकीची एक काच फुटली तेव्हा पाणी आत आलं ते थेंबांनी नाही, आडव्या पट्ट्यानं आलं. बाहेर पत्रे कागदासारखे उडत होते. सुपाऱ्या मोडल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो. एक, मग दुसरी, मग मोजता येईना. खाला माझं डोकं मांडीत धरून दुवा पुटपुटत होत्या. मीही आईला हाका मारत होते, हे मला नंतर त्यांनी सांगितलं.

दुपारी थांबला.

एकदम थांबला. ऊन पडलं. मी खिडकीतून वर बघितलं तर आभाळाला गोल निळं भोक, भोवती ढगांची पांढरी भिंत. मी खालांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, बाहेर जायचं नाही, आता दुसरा येईल. बाहेरूनही चांगदेवभाऊंचा आवाज ऐकू आला, ते सगळ्यांना घरात राहायला ओरडून सांगत होते.

आम्ही वाट बघत बसलो. चहा केला, तो गार झाला. अंधार पडला. वारा आला नाही.

आज सकाळी लोक हळूहळू बाहेर पडले. निम्म्या घरांवर छप्पर नाही, वरच्या बागेतली निम्मी झाडं आडवी. उपकेंद्राचे पत्रे गेले, भिंती उभ्या. पण माणूस एकही गेलं नाही! हात-पाय मोडले, डोकी फुटली, तेवढंच. मी दिवसभर टाके घातले. चांगदेवभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले की नर्सबाईंनी समजावलं म्हणून माणसं घरात राहिली. सत्यवतीनं माझी दृष्ट काढली. दुसरा वारा आपल्याला चुकवून गेला, देवाची कृपा, असं सगळेच म्हणतायत. मीही तेच म्हणते.

५ जून

खालांच्या घराचा दवाखाना झालाय. खाली रुग्ण, ओसरीवर मोठी चूल, ज्यांची घरं पडली त्यांचं जेवण. वीज नाही, फोन नाही, घाटात दरड कोसळली असणार म्हणतात. सगळी कामं मिळून चालली आहेत. एकमेकांच्या घरांवर ताडपत्र्या टाकताना लोक गाणीसुद्धा म्हणतात.

ताडपत्र्या बांधाव्या लागत नाहीत. टाकल्या तशा राहतात. वारा अजिबात नाही.

खालांनी सकाळी धुतलेले कपडे संध्याकाळी तसेच ओले. चुलीचा धूर सरळ वर जातो आणि तिथंच साठतो. मिठागरावरच्या आयुष्यात मी असा दिवस पाहिलेला नाही. सारखा घाम येतो आणि वाळत नाही.

चांगदेवभाऊंच्या होडीवरचा रेडिओ चालू आहे. त्यावर सांगितलं की वादळ नाशिकच्या पुढं जाऊन विरलं, सगळीकडे मदत पोचते आहे, फक्त आडवेळशी संपर्क होत नाही. लोकांना बरं वाटलं, कुणीतरी आपलं नाव घेतलं म्हणून.

९ जून

पाऊस सगळीकडे आहे, आमच्यावर नाही.

गच्चीवरून स्पष्ट दिसतं. समुद्रावर, घाटावर, दोन्ही डोंगरांच्या पलीकडे राखाडी भिंत उभी आहे, आणि आमच्या डोक्यावर निळा गोल. दुपारी सूर्य त्यातून भाजून काढतो. भाताची रोपं पिवळी पडली. लोक आता गाणी म्हणत नाहीत.

आणि पक्षी. पहिले दोन परवा आले, आज पन्नास तरी असतील. काळ्या लांब पंखांचे, वाकड्या चोचीचे. चांगदेवभाऊ म्हणाले, हे भर समुद्रातले, जमिनीवर कधी येत नाहीत. ते आमच्या गच्चीवर बसतात, कारण बसायला सपाट जागा तेवढीच उरली आहे. आवाज करत नाहीत. जवळ गेलं तरी उडत नाहीत. इतके थकलेले दिसले की मी ताटलीत पाणी ठेवलं. सगळे मिळून प्यायले.

१२ जून

मोरू परत आला. चांगदेवभाऊंचा हा चुलतभाऊ. परवा मदत आणायला घाटानं निघाला होता.

त्याला चौघांनी झोळीतून आणलं. खांदा निखळलेला. तो मी बसवला, तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही. पण चेहरा! एका बाजूची कातडी घासून काढल्यासारखी, भुवई नाही, कानात माती घट्ट भरलेली. वाळूचे कण मी चिमट्यानं काढत होते. असली जखम मी कधी पाहिली नाही.

पाणी पाजल्यावर बोलला. घाटातल्या वाडी दिसते त्या वळणापर्यंत पानही हलत नव्हतं, म्हणाला. पुढचं पाऊल टाकलं आणि त्याला उचलून फेकलं. तिकडची झाडं जमिनीला टेकलेली, दगड उडतायत, काहीच दिसत नाही. तो आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तिथं अजून चाललंय. थांबल्यालं न्हाय."

ओसरीवर वीसेक माणसं होती. मग दयारामबाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, म्हंजे आपण अजून डोळ्यातच हाय का?

मी मोरूच्या कानातली माती काढत राहिले.

१४ जून

काल चांगदेवभाऊ होडी घेऊन पाहून आले. बंदराबाहेरच्या काळ्या खडकापलीकडे तेच. आठ दिवसांपूर्वी तो खडक भिंतीच्या खूप अलीकडे होता, असं ते म्हणाले. म्हणजे भिंत पुढं सरकते आहे.

विहिरीचं पाणी खारट झालं. दोन विहिरी गेल्या, एक उरली.

आज ड्रेसिंगला कुणी आलं नाही. मी स्वतः गेले तर सत्यवतीनं दार अर्धंच उघडलं. गोळ्या घेतल्या का विचारलं. ती म्हणाली, घेईन, आणि दार लावलं. रस्त्यात एका बाईनं पोराला माझ्या वाटेतून ओढून घेतलं.

१६ जून

आता तोंडावर बोलतात. मी आले आणि वादळ आलं. पाखरं माझ्याच डोक्यावर बसतात. मला आधीच सगळं कसं ठाऊक होतं? थांबेल, वळेल, उलटा येईल, हे कुणी सांगितलं? हिनंच. मी फोनवरच्या सूचनेचं सांगितलं. सगळ्यांच्याच फोनवर ती आली होती. आता कुणालाच आठवत नाही. फोन बंद आहेत, दाखवू कशी?

पिण्याचं पाणी मी पाखरांना पाजलं, ही गोष्ट मात्र खरी. विहिरी खारट व्हायच्या आधी. त्यानंतर थेंब दिला नाही. ते कुणी ऐकून घेत नाही.

सकाळी दारात तीन पक्षी मारून टाकलेले. माना पिरगळलेल्या. खालांनी उचलून पुरले आणि गल्लीत उभं राहून सगळ्यांचा उद्धार केला. ही माझ्या घरात राहते, म्हणाल्या, जो हिला उचलून नेईल त्यानं आधी मला उचलावं. एवढीशी बाई, पण सगळे पांगले. मी जिन्यात बसून रडले.

१७ जून

आज परीक्षा झाली माझी.

चांगदेव आणि दहाबारा जण आले. भांडले नाहीत. चांगदेव म्हणाला, "तू बंदरापर्यंत चाल. एकटी. पाखरं हितंच बसली तर आम्ही तुझे पाय धरू."

मी चालले. मोकळ्या हातांनी, भर उन्हात, दोन्ही बाजूंना माणसं उभी, आणि माझ्या चपलांचाच आवाज. निम्मी वाट झाली आणि मागं पंखांचा आवाज आला. एक उडाला. मग दुसरा. मग सगळे. माझ्या डोक्यावरून गेले आणि धक्क्यावर माझ्या भोवती उतरले. चोची उघड्या. पाणी मागत होते. ज्या बाईनं पाणी दिलं तिच्यामागं आले, एवढंच! मी हे ओरडून सांगितलं. पण मला स्वतःलाच माझा आवाज खोटा वाटला.

कुणी माझे पाय धरले नाहीत. कुणीतरी दगड मारला. खांद्याला लागला.

१९ जून

रात्रभर विचार करते आहे. खरंच मी आहे का? मी जिथं जाते तिथं वारा नसतो. पण वाडीबाहेर मी गेलेच कुठं? वाडीत तर कुठंच वारा नाही.

तरी वाटतं. तीस जणांनी रोज तेच म्हटलं की वाटायला लागतं.

भिंत वरच्या बागेच्या माथ्याशी आली. गच्चीवरून दिसतं. मोडायची राहिलेली झाडं शेंड्याला वाकतात, बुंधे स्थिर. आवाज नाही. एवढा वारा, आणि आवाज नाही.

२० जून

मोरूच्या जखमेत पू झालाय. औषध आहे माझ्याकडे. त्याच्या घरच्यांनी मला उंबऱ्यावरून हाकललं. बाटली पायरीवर ठेवून आले. परतताना फुटल्याचा आवाज आला.

खाला आज कमी बोलल्या. चांगदेव त्यांच्याकडे बराच वेळ बसला होता. काय म्हणाला विचारलं तर म्हणाल्या, काही नाही गो. जेवण आलं, पण ताट जिन्यावर ठेवून गेल्या.

२१ जून

ठरलंय त्यांचं. मला होडीत बसवून बाहेर न्यायचं. मी गेले की डोळा माझ्याबरोबर जाणार, मागचा वारा समुद्रात माझ्यावर येणार, वाडी सुटणार. दयारामबाबांनी गल्लीत उभं राहून मला हे सांगितलं. वर न बघता. जणू हवापाण्याचंच बोलत होते.

घाटात जाऊ? मोरूचा चेहरा—

खालांनी किल्ली दिली. म्हणाल्या, आतून कुलूप लाव, कुणालाही उघडू नको, मी सोडून.

२२ जून

दिवसभर दार वाजवतायत. उघडलं नाही. पाणी संपलं. दुपारी कुणीतरी पाण्याचा हंडा अंगणात आणून माझ्या खिडकीखाली ओतला. मुद्दाम. हळूहळू.

गच्चीवर जागा नाही, इतके पक्षी. एकमेकांच्या अंगावर बसलेत. भिंत जवळ येते तसे आत सरकतात.

२३ जून, सकाळ

खालांचा आवाज. दार उघड बेटा, पाणी आणलंय—

उघडलं. खाला पुढं उभ्या. हातात पाणी होतं खरंच. त्यांच्या मागं चांगदेव. जिन्यावर सगळे. खाला म्हणाल्या, "आधी पी. पिऊन घे गो." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडावर ओढला.

प्यायले. तहान लागली होती. काय करणार.

होडीत

माझं सामानही होडीत टाकलंय. माझी एकही वस्तू वाडीत राहायला नको म्हणे. म्हणून वही हाताशी आहे.

कुणी मारलं नाही. हात धरून नेलं. सत्यवती बांधावर होती. तिनं पाठ केली.

चांगदेव पुढच्या होडीत, एकटा. मागं दोर, दोराला माझी होडी. पाणी तेलासारखं. वळून बघत नाही. निघताना सांगितलं होतं, पांढऱ्या भिंतीच्या अगदी कडेला सोडणार.

मी विचारलं, तुझ्या बहिणीला सोडलं असतंस का असं. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल.

भिंत समोर. खडक दिसत नाही आता. पांढरं नुसतं, उभं, आत काहीतरी फिरतंय.

माझ्या गालाला काहीतरी लागलं.

वारा.

वारा आहे हा. वहीचं पान उलटतंय. केस तोंडावर आले—

म्हणजे मी नाही. माझ्याबरोबर काही आलंच नाही! पक्षी गच्चीवर तसेच. एकही उडाला नाही. मी नव्हतेच—

चांगदेवालाही लागला. त्याचा शर्ट फुगलाय. वळला. मी ओरडले, "मी न्हाय! बघ, मी न्हाय, चांगदेवभाऊ!"

त्याला कळलंय. पण तो माझ्याकडे बघत नाही. माझ्या डोक्यावरून मागं बघतोय.

मागं डोंगर नाही.

डोंगर होता तिथं पांढरं. वरची बाग— झाडं समुद्राच्या दिशेनं आडवी होतायत, रांगेनं, उतारावरून खाली—

त्यानं कोयत्यानं दोर तोडला. होडी वळवली. माझ्या बाजूनं गेला. सत्यवती, सत्यवती म्हणत होता. पोचणार नाही. एवढं अंतर—

सगळे धक्क्यावर उभे. पाठी डोंगराकडे. समुद्र हलताना दिसत असेल त्यांना. काम झालं असं वाटतंय. हात वर करतायत. कुणीतरी पोराला खांद्यावर घेतलंय—

ओढणी हलवते आहे. मागं बघा. मागं—

तेही हात हलवतायत. हसतायत. किती दिवसांनी—

खाला एकट्याच हात हलवत नाहीत. त्या घराकडे जायला वळल्या.

थांबल्या.

त्यांनी वर पाहि